अंगणाखालची नदी

माझ्या मावशीच्या यजमानांइतका जमिनीला कान लावून जगलेला माणूस साऱ्या कल्याण गावात दुसरा झाला नाही. गावाच्या पोटातून एक नदी वाहते आणि ती पुढे खाडीला मिळते, असा काकांचा ठाम समज होता. आगगाडी आली तेव्हा सारं गाव इंजिन पाहायला धावलं. काका रुळांपासून दूर पालथे पडले होते, कारण गाडीच्या हादऱ्याने नदी दचकते म्हणे, आणि दचकली की बोलते. लग्नाच्या पंगतीत वरण वाढायच्या आत त्यांचा कान पाटाशेजारी भुईला टेकलेला असे. वधूपिता घाबरून वैद्याला बोलवायला निघे, तर काका डोळे मिटून म्हणत, "शू! इथे ती वळण घेते आहे." मयतालाही तेच. तिथे मात्र लोकांना वाटे, काकांना शोक आवरत नाही.

या वेडाला कारण होतं, आणि ते कारण म्हणजे माझी मावशी. होळी झाली की परसातली विहीर आटे, शेजारच्या काकू सोवळ्यापायी आपल्या विहिरीला कुणाला हात लावू देत नसत, मग पावसाळ्यापर्यंत ती डोक्यावर हंडा घेऊन पार तळ्याकाठी पाण्याला जाई. "पुढच्या वर्षी नदी तुझ्या दारात आणतो," असं काका लग्न झाल्यापासून तिला सांगत. मावशी "बरं" म्हणे आणि चुंबळ उचलून चालू लागे.

मी मास्तरकी मिळून त्यांच्याकडे राहायला गेलो, त्या वर्षी काकांनी नदीचा पुरावा काढायचं ठरवलं. विहिरीत सोडलेला नारळ खाडीत निघाला की झालं! नारळ ओळखू यावा म्हणून त्यांनी त्याला कुंकवाची बोटं ओढली, चांगला दिवस म्हणून नारळी पौर्णिमा निवडली, आणि नारळ विहिरीत सोडून, मागे वळून न पाहता मला खाडीवर ओढत नेलं. खाडीत कोळ्यांनी सोडलेले नारळच नारळ, आणि एकूण एक कुंकू लावलेले. काका धोतर खोचून पाण्यात शिरले. "हा माझा! हाही माझाच!"

"अवं काका, दर्याला दिलेला नारल हाय त्यो," एक कोळीण ओरडली, "घरा कशाला नेताव?"

तरी एक त्यांनी आणलाच. घरी मावशीने गरम नारळीभात वाढला. विहिरीतला नारळ तिने पोहऱ्याने केव्हाच बाहेर काढला होता; कुंकवाच्या बोटांची करवंटी चुलीपाशीच पडली होती. मी तोंड उघडणार, तोच तिने माझ्या पानात आणखी भात वाढला.

चैत्रात विहीर आटली तेव्हा तळाशी गाळाने बुजलेलं एक भगदाड दिसलं. काका कंदील घेऊन आत सरपटले. दोर मी आणि मावशीने धरला. थोड्या वेळाने दोर ढिला पडला. "नको मला नदी, त्यांना ओढ रे!" मावशी रडत म्हणाली. इतक्यात शेजारच्या परसातून किंकाळी आली, "अगं बाई, विहिरीत मुंजा!" सोवळ्यात पाणी शेंदणाऱ्या शेजारच्या काकूंच्या पोहऱ्याला धरून, नखशिखांत चिखलाने माखलेले काका गर्जत होते, "मिळाली! नदी मिळाली!"

दोन विहिरींना जोडणारी ती जुनी वाट होती, एवढंच. पण काकांच्या देहाने गाळ सरला आणि काकूंच्या विहिरीचं पाणी आमच्याकडे झुळझुळू लागलं. काकूंनी दुसऱ्यांदा आंघोळ केली आणि म्हणाल्या, "घ्या हो, पाणी काय एकट्याचं असतं?" त्या उन्हाळ्यात मावशी तळ्यावर गेली नाही. काका विहिरीच्या काठावर बसून तिला पाणी शेंदताना पाहत राहत. इतका सुखी माणूस मी पाहिलेला नाही.

काका गेले त्याला आता बराच काळ झाला. नारळी पौर्णिमेला मावशी स्वतः नारळाला कुंकू लावते, विहिरीत सोडते आणि मला म्हणते, "खाडीवर जाऊन ये रे." मी जातो. पाण्यात उतरून हाताला येईल तो नारळ आणतो. ती तो पदराने पुसते.

"हाच तो," ती म्हणते. "किती दमून आलाय बिचारा."

विहिरीत तिचा नारळ तरंगत असतो. आम्ही दोघंही तिकडे पाहत नाही.