भोयरची घोडी आणि माझा साधेपणा

आमच्या कारखान्याच्या कॅन्टीनमधल्या टेबलावरचा प्रत्येक जण एकेकटा भेटला तर शहाणा. चहा आला आणि चर्चा सुरू झाली, की संपलं! अशा चर्चांचे किस्से इतके साठलेत, की कुठून सुरू करू?

* * *

आमच्या टेबलावरच्या मेश्रामला शुगर निघाली. मी म्हणालो, "चहात साखर कमी घेऊ." दुसरा म्हणाला, "बंदच करू." तिसरा म्हणाला, "चहाच बंद!" ब्रेक संपेपर्यंत ठरलं, उद्यापासून सगळ्यांनी कडुलिंबाचा रस प्यायचा.

टेबलाच्या लाडक्या भोयरने तो हसत हसत प्यायला. "वा भोयरभाऊ!" कडुलिंबासाठीही याचीच वाहवा! माझ्या पोटात दुखायला लागलं. आणि मेश्राम? तो संध्याकाळी पावर हाउसच्या बाजारात जिलेबी खाताना सापडला.

* * *

मग पिकनिक. डबे घेऊन बागेत जायचं, एवढंच होतं. चर्चेत बागेचं अमरकंटक झालं, अमरकंटकचं पुरी. "जायचं तं समुद्रावरच!" समुद्रासाठी सुट्टी एकालाही मिळेना, आणि बागेत जायला आता लाज वाटायला लागली.

डबे कॅन्टीनमध्येच उघडले. भोयरची कोथिंबीर भरलेली सांबारवडी सगळ्यांनी हिसकून खाल्ली. माझी भेंडी मीच संपवली.

* * *

भोयर माझ्या महिनाभर आधी रिटायर झाला. आमच्याकडे रिटायर होणाऱ्याला गेटपासून क्वार्टरपर्यंत मिरवत नेतात. आधी नुसता हार ठरला. हारावरून फेटा, फेट्यावरून बँडबाजा.

मला राहवेना. "कावून एवढं? मानूस साधा पाहिजे. मले तं असलं काहीच नको!"

"घोडी आना रे!" मेश्राम ओरडला.

भोयर कॉलनीतल्या आमच्या अख्ख्या सेक्टरभर घोडीवरून मिरवला. माझी बायकोसुद्धा त्याला ओवाळून आली! त्या दिवशी मी जेवलो नाही.

* * *

मग माझी पाळी आली. नवा सफारी घातला. पिशवीत फेटाही ठेवला, ऐनवेळी नसला तर काय घ्या! ड्यूटी संपवून गेटबाहेर आलो. कोणीच नाही.

मोबाइल वाजला. ग्रुपवर मेश्राम होता: "बावणेभाऊले साधेपना आवडते, म्हनून टेबलावर चर्चा केली. पहिले घोडी काटली, मंग बाजा, मंग हार, मंग चहा. शेवटी ठरलं, गेटवर कोनी जायचंच नाही!"

खाली भोयर: "असा साधा मानूस होनार नाही!" त्याखाली सगळ्यांच्या टाळ्या.

मीही एक टाळी टाकली आणि स्कूटरला किक मारली.

क्वार्टरच्या फाटकाशी बायको ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. माझ्या मागच्या रस्त्याकडे बघत म्हणाली, "बाकीचे मागून येऊन राहिले का?"