कोमट रेडिएटर

ट्रूदा रोज पहाटे राखेची बादली घेऊन फाटकापर्यंत जायची आणि राख ओतण्याआधी मान वर करून गल्लीतली धुराडी बघायची. पांढरा धूर म्हणजे ओलं लाकूड, काळा म्हणजे कोळशाचा चुरा. पिवळट, घशात खवखवणारा धूर आला की कुणीतरी जुनं कपाट जाळतंय हे तिला कळायचं. कुणाचं कपाट, तेही. माणसं दिवसभर काय बोलतात यापेक्षा पहाटे काय जाळतात यावर तिचा जास्त विश्वास होता.

पोलंडमधल्या रिब्निक गावातल्या त्या खाणकामगारांच्या गल्लीत तिच्या सासऱ्यांनी बांधलेलं विटांचं घर होतं. नवरा चौतीस वर्षं खाणीत उतरला आणि एका वसंतात छातीच्या दुखण्यानं गेला. तळघरातली कोळशाची भट्टी तेव्हापासून ती एकटीच सांभाळायची. मग एका ऑक्टोबरात ती भरल्या बादलीसकट तळघराच्या पायऱ्यांवरून घसरली. मनगट मोडलं.

कातोवित्से शहरातून मुलगी आली. ब्रिगिदा शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे तिचं बोलणं थोडक्यात असे.

"दोनच रस्ते आहेत, आई. भट्टी जाते, नाहीतर तू माझ्याकडे येतेस. सातवा मजला आहे, लिफ्ट आहे."

"तुझी लिफ्ट आठवड्यातून दोनदा बंद पडते," ट्रूदा म्हणाली. "आणि तिथून खाली बघितलं की माणसं मुंग्यांसारखी दिसतात. मुंग्यांशी काय बोलायचं?"

तिनं भट्टी जाऊ दिली. नव्या यंत्राच्या कागदांवर सही करण्याआधी प्रत्येक ओळ दोनदा वाचली आणि शेवटी मागची कोरी बाजूही बघितली.

एमिल नावाचा तंत्रज्ञ दोन माणसं घेऊन आला. त्यांनी माळ्यावर लोकरीसारखे जाड थर अंथरले, खिडक्यांच्या फटी बुजवल्या, भट्टी तोडून भंगारात दिली, आणि घराबाहेर भिंतीला लागून एक पांढरी पेटी बसवली. पेटीत पंखा होता.

"हा हीट पंप," एमिल म्हणाला. "बाहेरच्या हवेतली ऊब ओढून आत आणतो."

ट्रूदानं बाहेर बघितलं. कुंपणावर बर्फ होता.

"बाहेर उणे सहा आहे, साहेब. यातली ऊब मला दाखवा बरं कुठे आहे ती."

"दिसत नाही, बाई. पण असते."

"हो, आमचे पाद्रीही असंच सांगतात. पण ते निदान वीज जाळत नाहीत."

ब्रिगिदानं कपाळाला हात लावला.

ट्रूदाचा खरा संशय रेडिएटरवर बसला, म्हणजे खोलीखोलीत भिंतीला लावलेल्या, गरम पाणी फिरवून खोली तापवणाऱ्या लोखंडी नळ्यांवर. आयुष्यभर तिचं एकच माप होतं: रेडिएटरवर तळहात ठेवायचा, तीन आकडे मोजायच्या आत चटका बसून हात उचलावा लागला तर घर गरम. आता हात ठेवून अख्खी जपमाळ ओढता आली असती. कोमट. आजारी माणसाच्या कपाळाइतकंसुद्धा गरम नाही. आपल्याला फसवलंय याबद्दल तिच्या मनात काही शंका उरली नाही. आणि हे कोमट पाणी झोपलेल्या घरात फिरवत ठेवायचं, म्हणजे तर शुद्ध उधळपट्टी. भट्टी रात्री विझायची, घरातली माणसं पिसांच्या दुलईत शिरायची, पहाटे पुन्हा आग. घर असंच चालतं. म्हणून ती रोज संध्याकाळी आठ वाजता पंपाचं बटण बंद करू लागली आणि पहाटे उठल्यावर चालू. हे कुणाला सांगायचं काही कारण नव्हतं.

जानेवारीतल्या एका रविवारी ब्रिगिदा सकाळीच आली. घरात चौदा अंश होते. तिनं कोट काढलाच नाही.

"बघ," ट्रूदा जवळजवळ खुशीतच म्हणाली. "मी म्हटलं होतं ना? लबाड आहेत सगळे."

"मग ठरलं," ब्रिगिदा म्हणाली. "बुधवारी एमिल येईल, तक्रार लिहून घेईल. त्याला काही जमलं नाही तर त्याच दिवशी तू माझ्याबरोबर निघतेस. चौदा अंशांत मी तुला ठेवणार नाही."

ट्रूदाची खुशी तिथेच विरली. भट्टी तर भंगारात गेली होती. लबाडी सिद्ध झाली तर घरच जाणार होतं.

बुधवारी एमिल गुडघ्यांवर बसून पंपाच्या छोट्या पडद्यावर बोट फिरवत राहिला.

"बाई, हा रोज संध्याकाळी आठच्या सुमाराला बंद होतो. पहाटे पाचला सुरू. पंधरा डिसेंबरपासून, एकही दिवस न चुकता. विटांच्या भिंती रात्रीत गार पडतात, त्या तापवता तापवता त्याचा दिवस संपतो. कोण बंद करतं?"

ट्रूदाला कळेना आधी कशाचा राग करावा. पेटी घरातलं सगळं टिपून ठेवत होती, हा संशय तिला पहिल्याच दिवशी आला होता आणि ब्रिगिदा तेव्हा हसली होती. आता "वीज जात असेल" म्हणता आलं असतं. पण मग पंप नादुरुस्त ठरला असता, आणि दारात ब्रिगिदा कोट घालून उभी होती.

"मी," ट्रूदा म्हणाली.

"आई?"

"मी बंद करते. माणसं झोपली की आगही झोपते. मला काय माहीत हिला झोप चालत नाही ते." मग एमिलकडे वळून, "आणि तुम्ही सांगितलं नाहीत की ही चहाड्या करते."

एमिलला हसू आवरेना. ब्रिगिदानं दहा दिवसांची मुदत दिली.

ट्रूदानं बटणाला हात लावला नाही. पंपाच्या आकड्यावर विश्वास नको म्हणून तिनं तीन थर्मामीटर आणून तीन खोल्यांत टांगले. चौथ्या दिवसापासून तिन्ही एकवीस दाखवू लागले. तिघं एकाच दुकानातले, तेव्हा संगनमत असणार, असं तिनं शेजारच्या एर्विनला सांगितलं. पण स्वेटर काढून सांगितलं. दहाव्या दिवशी ब्रिगिदा आली, स्वयंपाकघरात कोट काढून बसली, आणि सातव्या मजल्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्या घरात ती आणखी तीन हिवाळे राहिली. शेवटच्या मार्चमध्ये, एका शनिवारी, स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेली. शुक्रवारी ब्रिगिदाशी फोनवर बोलणं झालं होतं, रविवारच्या जेवणाबद्दल.

"बटाट्याचे गोळे मी करते," ट्रूदा म्हणाली होती. "तू येताना लाल कोबी आण. पण चर्चजवळच्या त्या बाईकडून नको, ती वरची सडकी पानं काढून कालचाच कोबी ताजा म्हणून विकते."