पंचाहत्तर किलोचं मत

नासीर मुकादमाची मान डावीकडे वळत नाही. तरुणपणी क्विंटलाची पोती वाहिली, त्याची ती खूण. पन्नास किलोच्या वर उचलायचं नाही, हे हमालांच्या टोळीकडून ठरवून घ्यायला तो चार वर्षं भांडला होता. नरडाण्याच्या गोदामात मालक अखिलशेठनं पंचाहत्तर किलोची पोती आणायचं काढलं, तेव्हा नासीर एवढंच म्हणाला, "टोळी हात वर करून ठरवेल."

शेठ टोळीशी बोललाच नाही. हमालांना फोन येऊ लागले. मेघा नावाची बाई खान्देशीत बोलायची, भाऊ, आबा म्हणायची. बाई कसली, शेठनं लावलेलं यंत्र ते. हमालांना ठाऊक होतं, तरी बोलत बसायचे. घरी इतकं ऐकून कोण घेतं? नासीरनं पहिल्याच वाक्याला फोन कापला. बाकीच्यांनीही कापला असेल, असं तो धरून चालला. तिथं तो चुकला.

मताच्या दिवशी बारापैकी नऊ हात वर गेले. वर करून प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघू लागला.

"तू कशाला रे?" नासीरनं पितांबरला विचारलं.

"बठ्ठा तयार शेतस, मीच मांगे, असं मेघा बोलनी."

"माले बी तेच सांगं," साठीचा उखर्डूआबा पुटपुटला.

नऊही जणांना तेच सांगितलेलं: बाकी सगळे तयार, तूच मागे.

"मत झालं की," शेठ हसला. त्यानं मेघाचा फोन स्पीकरवर लावून वजनकाट्यावर ठेवला. "शंका असेल तर तिला विचारा."

"झालं नाही," नासीर म्हणाला. "जादा वजनाला हात वर करणाऱ्यानं ते आधी पोत्यांच्या थप्पीवर चढवायचं. मग मत मोजायचं. रीत आहे."

पितांबरनं चढवलं. खाली आला आणि भिंतीला टेकून बसला. पुढचा उखर्डूआबा.

"आबा, हात खाली घ्या."

"आते सगळासमोर?"

पाठीवर पोतं देणं मुकादमाचं काम. नासीरनं दात आवळून दिलं. थप्पीला लावलेल्या फळीवर दुसऱ्याच पावलाला म्हातारा गुडघ्यावर आला.

"शाब्बास आबा, तुमले जमी!" फोन गोड आवाजात म्हणाला.

उखर्डूआबानं पोतं बाजूला लोटलं. "बंद कर तिले, शेठ. पह्यले बंद कर!"

फोन बंद झाल्यावर पुन्हा हात मोजले. पंचाहत्तरसाठी तीनच. शेठ निघताना म्हणाला, "पुढच्या महिन्यात परत मत घेऊ. ती दमत नाही."

"घे. पोतं तुझ्याही पाठीवर देईन."

पितांबर हसत जवळ आला. "जितलो ना, नासीरभाऊ!"

नासीरनं त्याचा हात झटकला. "महिनाभर त्या डबड्याशी बोललात. शेजारी वजन उचलतो त्याला एकानं विचारलं नाही, बाबा, तू खरंच तयार आहेस का? मीही नाही विचारलं. चला, पन्नासची पोती घ्या. ट्रक अर्धा भरलाय."

त्या दिवशी तो कोणाबरोबर जेवला नाही.