पास्कलदादाची सुट्टी

ज्याचं बँकेत खातं नाही, त्याला सरकारी मदत केवढ्याला पडते, ते मी ओमानमधल्या सोहारमध्ये पाहिलंय.

काल वसईत पास्कलदादा गेला.
बातमी आल्यापासून डोकं ठिकाणावर नाही.

सोहार औद्योगिक वसाहतीच्या कॅम्पात आम्ही एका खोलीत राहायचो. तो वेल्डर, मी स्टोअरमध्ये. पगार पाकिटात मिळायचा. गावचं कुणी सुट्टीवर निघालं की दादा त्याच्या हाती घरी पैसे धाडायचा. बँक कशाला, म्हणायचा, आपली माणसं आहेत ना.

त्यातूनच वसईत घर बांधलं. स्वतःच्या नावावर. त्याचं काय कौतुक होतं त्याला.

मग २००५चा पूर आला. घराची एक भिंत पडली, छप्पर गेलं. रेजिनावहिनी आणि लग्नाला आलेली मुलगी, दोघी ताडपत्रीखाली.

सरकारी मदत मंजूर झाली. पण चेकने.
घर दादाच्या नावावर, म्हणून चेकही दादाच्या नावाचा. तो खात्यातच जमा होणार. आणि खातं उघडायला दादा स्वतः समोर हवा.

मी वसईला फोन केले, अर्ज खरडले, मस्कतला एम्बसीत जाऊन आलो. सगळे गोड बोलले. काम शून्य.

चेकची मुदत सहा महिने. दादाची सुट्टी दोन वर्षांतून एकदा, आणि ती त्याने मे महिन्यातल्या मुलीच्या लग्नासाठी राखलेली. मॅनेजरने सरळ सांगितलं, आत्ता गेलास तर मे खलास.

आठवडाभर तो धड जेवला नाही. मी म्हटलं, चेक गेला खड्ड्यात, आपण वर्गणी काढू.

"कुणाकुणापुढं हात पसरू? आणि घराला छप्पर नसताना पोरगी कुठनं पाठवू?"

गेला. खातं उघडलं, भिंत उभी केली, पत्रे चढवले, परत आला.

मे महिन्यात लग्न लागलं. मुलीला चर्चमध्ये मामाने नेलं.

इकडे दादा ड्यूटीवरून आला, अंघोळ केली, लग्नासाठी शिवलेला कोट चढवला आणि कॅम्पच्या आवारात येरझारा घालायला लागला. ऊन मरणाचं. मी दोनदा सांगितलं, बस की जरा सावलीत.

"आत्ता पोरगी वेदीकडं चालत असंल रे. मी बसू कसा?"

मदत म्हणतात याला. अजून चीड येते.

दादा, आता तरी निवांत बस.
तुझ्या खोलीतल्या भावाचा अखेरचा नमस्कार.