चपात्यांच्या खोलीची खिडकी

ही गोष्ट माझ्या पत्नीलाही ठाऊक नाही. तिच्यापासून मी सहसा काही लपवत नाही – निदान तसे मानत आलो आहे – पण एवढे एक तिच्यापासूनही दूर ठेवले. मग तुम्हाला का सांगतो आहे? तेही मला नीट कळत नाही. कदाचित तुमचा चेहरा समोर नाही म्हणून. कदाचित – असो. सुरुवात कुठून करावी, इथेच माझा पहिला गोंधळ आहे.

आधी माझे काम सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. वास्तुरचनाकार संगणकावर इमारत उभी करतात – भिंती, खांब, दारे, खिडक्या, अगदी हात धुण्याच्या बेसिनपर्यंत. ती इमारत – आम्ही तिला मॉडेल म्हणतो – उचलून मी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेतो. तिथे ती उन्हात किती तापेल, वारा कुठून खेळेल, वीज किती लागेल, याचे गणित होते. एका डब्यातले दुसऱ्या डब्यात ओतावे इतके हे सोपे वाटते. पण दोन्ही सॉफ्टवेअरची घराविषयीची समजूतच वेगळी. एकाला भिंत म्हणजे विटा, गिलावा, पत्रा. दुसऱ्याला भिंत म्हणजे एक पातळ पडदा – अलीकडे खोली, पलीकडे ऊन. कोपऱ्यात बोटभर फट राहिली, तरी ते त्या खोलीला खोलीच मानत नाही. संगणकाच्या पडद्यावर लाल खूण येते आणि सगळे अडून बसते. मग आम्ही काय करतो? जे अडते ते काढून टाकतो. आमच्या व्यवसायात याला लबाडी म्हणत नाहीत, सुलभीकरण म्हणतात. अट एकच – हे सारे आपल्या प्रतीवर करायचे. सगळ्यांच्या सामाईक मूळ मॉडेलला हात लावायचा नाही.

मी लावला.

चाकणच्या एका कारखान्याच्या कँटीनचे काम होते. रचना शुभदाताईंची. त्या माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. तळेगाव दाभाड्याहून लोकलने आमच्या चिंचवडच्या कार्यालयात येत. मी ड्रॉइंग बोर्डावर वाढलेला माणूस, चाळिशीनंतर संगणकाकडे वळलो, तेव्हा न चिडता मला शिकवणाऱ्या त्या एकट्या होत्या. या कँटीनसाठी त्या जुन्या कँटीनमध्ये जाऊन एक अख्खी दुपार चपात्या करणाऱ्या बायकांजवळ बसून आल्या होत्या. बायका पाटावर बसून लाटतात, शेजारी भट्टी धगधगत असते, आणि खिडकी मात्र उभ्या माणसाच्या उंचीवर – हे त्यांना खटकले. म्हणून नव्या कँटीनमधल्या चपात्यांच्या खोलीला त्यांनी मुद्दाम खाली खिडकी काढली. बसलेल्या बाईच्या चेहऱ्यावर वारा यावा, इतकी खाली.

ती खिडकीच अडली. भिंत खाली विटांची आणि वर पत्र्याची होती, आणि खिडकी अर्धी इकडे, अर्धी तिकडे. ही नक्की कोणत्या भिंतीची, हे त्या सॉफ्टवेअरला ठरवता येईना. फाइल पाठवली – लाल खूण. पुन्हा पाठवली – पुन्हा लाल खूण. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या लोकांपुढे अहवाल मांडायचा होता. नवी प्रत काढण्यात वेळ जाईल म्हणून मी थेट सामाईक मॉडेल उघडले आणि ती खिडकी काढून टाकली. फाइल सुरळीत गेली. अहवालाचे कौतुक झाले. एकही लाल खूण न येता मॉडेल इकडून तिकडे नेणारा माणूस म्हणून माझे नाव झाले, आणि पुढे त्या विभागाची जबाबदारीही माझ्याकडे आली.

खिडकी मी परत लावली नाही.

विसरलो का? इथेच मी वर्षानुवर्षे अडखळतो. त्या संध्याकाळी कासारवाडी स्टेशनाबाहेर भाजी घेताना ती मला आठवली होती, असे कधी वाटते. ‘उद्या लावू’ असे मनात म्हटल्याचे आठवते. हातात मेथीची जुडी होती, हेही आठवते. मग दुसऱ्या दिवशी काय झाले? की ती मेथीची जुडी मीच नंतर, स्वतःला छळण्यासाठी, तिथे आणून ठेवली? आपली आठवण आपण घडवत नाही, असे कोण खात्रीने सांगेल? मला तरी सांगता येत नाही.

पूर्वी कागदावर रेघ खोडली की खरवडल्याची खूण राहत असे. आता सगळे नकाशे एकाच मॉडेलमधून निघतात. तिथली खिडकी गेली की सगळ्या नकाशांतून जाते आणि मागे डागही उरत नाही. शुभदाताई तेव्हा रजेवर होत्या. त्यांची आई शेवटच्या आजारात होती. काही वर्षांपासून तिला विस्मृती जडली होती आणि अखेरीस ती मुलीला मावशीच्या नावाने हाक मारू लागली होती. आईचे दिवस करून ताई कामावर परतल्या, तोवर नकाशांवर सह्या होऊन भिंत उभीही राहिली होती.

कँटीन सुरू झाले त्या दिवशी आम्हाला जेवायला बोलावले होते. ताई ताटावर बसण्याआधी चपात्यांच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग गेलो. का गेलो? ठाऊक असल्याखेरीज माणूस असा मागोमाग जातो का? आत बायका घामाने निथळत होत्या. त्यांच्यातल्या थोरल्या हौसाबाई, चाकणच्याच, जुन्या कँटीनपासूनच्या, लाटणे न थांबवता म्हणाल्या, “या ताई. तुमी खिडकी देनार व्हता न्हवं? का उंदरानं न्हेली?”

दुसरी म्हणाली, “आगं, नवी इमारत हाय. आता चपात्यांसंगं आमीबी फुगायचं.”

सगळ्या हसल्या. ताई हसल्या नाहीत. कोऱ्या भिंतीवर जिथे खिडकी असायला हवी होती, नेमका तिथे त्यांनी हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या टेबलाशी आल्या. समोरच्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, “तुमच्याकडे मॉडेल आलं तेव्हा खिडकी होती का हो? जरा बघता?”

माझ्याकडे पहिल्यांदा पाठवलेली फाइल होती – पुढे न गेलेली, लाल खुणेची. मी ती उघडली. पडद्याची पाठ त्यांच्याकडे होती. खिडकी तिथे होती. खाली, विटा आणि पत्रा यांच्यामध्ये, त्यांनी काढली होती तशीच.

“नव्हती,” मी म्हणालो.

इतकेच. हेच सांगायला मी इतका लांबचा वळसा घेतला. खिडकी काढून टाकली ती चूक होती. परत लावली नाही तो विसर असेल, आळस असेल, मला कळत नाही. पण या एका शब्दाबद्दल माझ्या मनात काडीचाही गोंधळ नाही. मी पाहिले, आणि पाहून नाही म्हणालो. कारणे होती. ती इथे मांडणार नाही – मांडली की ती बरी दिसू लागतात.

ताई म्हणाल्या, “म्हणजे मीच काढून टाकली असणार. रजेवर जायच्या आधी. मला काहीच आठवत नाही हो.” आणि मग हळूच, “आईचं माझ्यात आलं म्हणायचं.”

तेव्हा तरी बोलावे ना? मी म्हणालो, “वय झालं की होतं असं, ताई. एवढं मनाला लावून घेऊ नका.” माझा आवाज मुळातच मऊ आहे. लोक त्याला चांगुलपणा समजतात. त्याही तसेच समजल्या. माझ्यासाठी चहा मागवला.

कारखान्याने पुढे महिन्याभरात भिंत फोडून खिडकी बसवली. ताईंचे मात्र तसे झाले नाही. आपण काढलेली प्रत्येक रेघ त्या तीन-तीनदा तपासू लागल्या, आणि तरीही शेजारच्याला विचारू लागल्या, “हे दार मी आत्ताच काढलं ना?” डॉक्टरांकडे जाऊन तपासण्या करून आल्या. काहीही निघाले नाही. मी म्हणालो, “बघा, उगाच घाबरलात.” त्यावर त्या म्हणाल्या, “डॉक्टरांना काय ठाऊक? त्यांनी थोडीच खिडकी पाहिली होती?” निवृत्तीला काही वर्षे बाकी असताना त्यांनी नोकरी सोडली. निरोपाच्या दिवशी त्यांच्या काटेकोरपणाविषयी मीच बोललो. चांगले बोललो म्हणतात.

गेल्या महिन्यात मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला तळेगावला गेलो होतो. ताईंनी आग्रहाने जेवू घातले. घर लख्ख, बोलणे पूर्वीसारखेच नेमके. माझ्या मुलीला लहानपणी कोणता खाऊ आवडायचा, हेसुद्धा त्यांच्या लक्षात होते. निघताना ताई आणि त्यांचे यजमान मला रिक्षापर्यंत सोडायला बाहेर आले. ताईंनी दाराला कुलूप लावले, ओढून पाहिले आणि मोबाइल काढून त्या कुलपाचा फोटो घेऊ लागल्या. त्यांचे यजमान हसून मला म्हणाले, “आमच्या मोबाइलात माणसं कमी, कुलपंच जास्त. एखाद्या दिवशी या कुलपांचंच स्नेहसंमेलन भरवणार आहे मी.”

ताईही हसल्या. मग फोटो न घेताच हात खाली केला आणि माझ्याकडे वळल्या.

“तुम्ही पाहिलंत ना? लागलंय ना कुलूप?”

“लागलंय,” मी म्हणालो.

“मग झालं. तुम्ही पाहिलंत ना.” त्यांनी मोबाइल पर्समध्ये टाकला.

स्वतःचा हात कुलपावर होता, स्वतःचे डोळे त्यावर होते. त्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. माझ्यावर होता. रिक्षा मिळायला बराच वेळ लागला. त्या वेळात मी हवामानाविषयी बोललो, लग्नाच्या कार्यालयाविषयी बोललो. घरी येऊन हे लिहायला बसलो. जे त्यांच्यापुढे बोलायचे ते आधी तुमच्यापुढे बोलतो आहे, हेही त्याच भित्रेपणातले असेल. असेलच.

शुभदाताई, खिडकी होती. खाली, बसलेल्या बाईच्या चेहऱ्याच्या उंचीवर. तुम्ही ती काढून टाकली नव्हती. तुम्ही काहीच विसरला नव्हतात. पडद्यावर मी तिच्याकडे पाहत होतो, तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहत होतात.