वेगळा तवा

जानकी परब तीन घरच्या चपात्या करून पोट भरते, आणि त्याच चपातीचा एक घास तिच्या पोटात गेला तर आठ दिवस ते पोट तिला जगू देत नाही. देवाला थट्टाच करायची होती तर जरा बरी तरी करायची. पण गरिबाच्या वाट्याला थट्टासुद्धा शिळीच येते.

कांजूरमार्गला, पूर्वेला, एका बैठ्या चाळीत दोन खोल्या आणि एक पोटमाळा. त्यात आठ माणसं. सासू, मोठे दीर आणि त्यांची बायको सुनंदा, त्यांचे दोन मुलगे, आणि जानकी, तिचा नवरा लवू, मुलगी श्वेता. ओटा एक, शेगडी एक, आणि त्यावर हक्क सुनंदाचा, कारण ती थोरली. जानकी सकाळी सहाला बाहेर पडायची, समोरच्या टॉवरमधल्या तीन फ्लॅटमध्ये कणीक मळायची, लाटायची, भाजायची. तिकडच्या बाया म्हणायच्या, जानकीबाईंच्या पोळ्या म्हणजे कापूस. जानकी मान डोलवायची. तिच्या घरी पोळी म्हणत नाहीत, चपाती म्हणतात, पण ज्याच्या घरची कणीक त्याचा शब्द.

दहा वर्षं तिचं पोट बिघडलेलं होतं. तोंड सदा आलेलं, केस गळालेले, अंगात रक्त नाही. कुणी जंताचं औषध दिलं, कुणी नजर काढली, गावाला जाऊन देवाला कौलही लावून झाला. देवाने कौल दिला की सगळं ठीक होईल. शेवटी एका फ्लॅटमध्ये लाटणं हातात असतानाच ती खाली कोसळली आणि पालिकेच्या इस्पितळात पोचली. तिथे रक्त तपासलं, घशातून नळी घालून आतडं पाहिलं, आणि एका तरुण डॉक्टरीणबाईने तिला समोर बसवून नीट समजावलं. रोगाचं नाव सीलिॲक. गव्हात जो चिकट अंश असतो, तो तिच्या आतड्याला सोसत नाही. गोळी नाही, ऑपरेशन नाही. गहू, रवा, मैदा, शेवया जन्मभर बंद. चिमूटभरसुद्धा नाही.

"आणि मुलं किती?" डॉक्टरीणबाईने विचारलं.

"एकच मुलगी."

"तिचीही तपासणी करून घ्या. हे आईकडून मुलांत येऊ शकतं." आणि तिने तसं कागदावर लिहूनही दिलं. जानकीने तो कागद रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या कव्हरात ठेवला. घरातल्या महत्त्वाच्या वस्तू तिथेच राहतात.

घरी सगळ्यांना हायसं वाटलं. "एवढंच होय?" लवू म्हणाला. "आपण भात खाणारी माणसं. चपाती तर मुंबईत येऊन शिकलो." बोलायला सोपं होतं. भात होता, मासे होते, तांदळाची भाकरी होती. पण ज्या गिरणीत तांदूळ दळायचा त्याच जात्यातून आधीच्या बाईचा गहू गेलेला असायचा. फोडणीच्या हिंगात पीठ, वड्यांच्या भाजणीत मूठभर गहू, आणि तळणीच्या तेलात कालच्या पुऱ्या. गव्हाने ह्या घरात कुठे कुठे पाय पसरलेत, हे जानकीला त्याला हाकलायला निघाल्यावर कळलं. मॉलमध्ये बिनगव्हाच्या बिस्किटांचा पुडा मिळतो असं एका मॅडमने सांगितलं. जानकी गेली, पुडा हातात घेतला, मागची किंमत वाचली आणि जसा होता तसा परत ठेवला. त्यानंतर तिने तो रस्ता धरला नाही. मिक्सरात तांदूळ वाटायचा, चाळायचा, पुन्हा वाटायचा, हे तिचं बिस्किट.

मग तिने कुर्ल्याच्या बाजारातून एक बिडाचा तवा आणला. जुनाच, पण जड आणि सपाट. सोबत एक ताट, एक वाटी, मसाल्याचा एक डबा. तवा तिने तीन दिवस घासला, चिंचेने, राखेने, मग तेल लावून तापवला. ओट्याच्या वरच्या खिळ्याला तो टांगला आणि चाळिशी उलटलेल्या त्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की ह्या घरात आपलं म्हणावं असं काहीतरी आहे.

संध्याकाळी सासूने वर पाहिलं.

"ह्या ताट कोणाचा? आणि तो तवो?"

जानकीने सांगितलं. सासूने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझ्या घरात ताट येगळा नको. एकदा ठेवलंय, तेचा फळ माझ्या माणकेन भोगल्यान."

ती गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. सासरे, दत्ताराम, कापडगिरणीत कामाला होते आणि त्यांना क्षय झाला. त्यांचं ताट, तांब्या, वाटी वेगळी काढून गॅलरीत ठेवली होती. ते बरे झाले, पण ताट तिथेच राहिलं. माणिकला, म्हणजे जानकीच्या नणंदेला, बघायला आलेल्या माणसांनी ते पाहिलं आणि चहा अर्धा टाकून उठले. पुढची सात वर्षं चाळीत कुणी ते विसरू दिलं नाही. माणिकचं लग्न झालं ते दोन मुलांच्या बिजवराशी. म्हातारीच्या डोक्यात ते पक्कं बसलं होतं. वेगळं ताट म्हणजे रोग, आणि रोग म्हणजे पोरीचं वाटोळं. तिला वेडी म्हणणं सोपं आहे. पण ती खोटं बोलत नव्हती.

तेव्हा तोडगा निघाला. ह्या घरात तोडगे नेहमी जानकीच्या अंगावरूनच निघतात. तवा ठेवायचा, पण ओट्याखाली, घमेल्याच्या मागे. बाहेरचं कुणी आलं तर काढायचा नाही.

सुनंदा मनाने वाईट नव्हती, हे सांगायलाच हवं. तिला फक्त दुसऱ्याच्या दुखण्याची आठवण राहत नसे. एकदा मुलांच्या डब्याची घाई होती, तिचा तवा घासायला पडला होता, म्हणून तिने जानकीच्या तव्यावर आठ चपात्या भाजल्या.

"एकदाच गं," ती म्हणाली. "पुसून ठेवला ना मी."

"वहिनी, पुसून जात नाही ते."

"मग काय जाळून टाकू? रोज उठून तुझं पथ्य सांभाळायचं म्हणजे आमचीच वाट लागली."

त्या पुसलेल्या तव्यावर जानकीने नकळत आपली भाकरी भाजून खाल्लीही होती. त्या आठवड्यात ती चाळीच्या संडासाच्या रांगेत दिवसातून सहा वेळा उभी राहिली, आणि तरी तिन्ही घरच्या चपात्या चुकवल्या नाहीत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. त्यात बुक्के मारणारे आपले, आणि तोंड दाबणारा हातही आपलाच.

हे सगळं तिने सोसलं. तिला भीती वेगळीच होती. श्वेता तेवीस वर्षांची झाली होती, एका मोबाइलच्या दुकानात कामाला होती, आणि दुपारी दोनला पांढरीफटक पडायची. महिन्यातून दोनदा तोंड यायचं. जेवली की पोट फुगायचं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठ. जानकीने ही वाट स्वतः पायाखाली घातली होती, तिला नकाशा लागत नव्हता.

एका सोमवारी तिने कामं बुडवली, रेशनकार्डाच्या कव्हरातून कागद काढला आणि श्वेताला घेऊन इस्पितळात गेली. केसपेपर निघाला. बाकावर बसल्या. पुढे अकराच माणसं होती, आणि तेवढ्यात सुनंदाचा फोन आला. मुलुंडचं स्थळ चालून आलंय, मुलगा विशाल, नोकरी कायमची, स्वतःचा फ्लॅट, येत्या रविवारी बघायला येतायत. मग फोन सासूच्या हातात गेला.

"खय आसंस? इस्पितळात?" म्हातारीने विचारलं. "घराक ये. झाकली मूठ सव्वा लाखाची. आधी पोरगी उजवूया, मगे काय त्या टेस्टी करा."

पुढे नऊ माणसं उरली होती. जानकी केसपेपर हातात धरून बसली. श्वेताने विचारलं, "काय झालं?" जानकीच्या डोळ्यांसमोर फ्लॅट होता, स्वतःचा संडास असलेला, आणि गॅलरीतलं ते सासऱ्यांचं ताटही होतं. कुणी तिला ओढत नेलं नाही. तिने स्वतःच कागदाची घडी घातली.

"चल," ती म्हणाली. "नंतर येऊ."

रविवारी तवा पोटमाळ्यावर गेला, गोणपाटात गुंडाळून. ताट, वाटी, मसाल्याचा डबाही गेला. मुलाची आई वसुधाबाई हसऱ्या, बोलक्या. मुलगी पसंत पडली, पंधरा दिवसांनी सुपारी फुटली. वसुधाबाईंनी बालुशाहीचा डबा उघडला आणि अख्खी एक उचलून जानकीच्या तोंडाशी आणली. "तोंड गोड करा, विहीणबाई." घरातली सात माणसं जानकीच्या तोंडाकडे बघत होती. श्वेताही बघत होती. जानकीने तोंड उघडलं.

पुढचे चार दिवस ती आजारी होती हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. घरात आनंद होता.

लग्न झालं. टेस्टचं पुढे कुणी काढलं नाही. जानकी काढायची, फोनवर, आणि श्वेता म्हणायची, बघू गं, आत्ताच तर आलेय. वर्ष झालं. मग एक दिवस वसुधाबाईंचाच फोन आला. सुनेला अन्न अंगी लागत नाही, सारखी थकलेली असते, दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा टिकले नाहीत. "तुमच्याकडे कुणाला काही होतं का हो असं?" त्यांनी सहज विचारलं.

"नाही," जानकी म्हणाली. इतकं पटकन म्हणाली की नंतर तिला स्वतःचीच किळस आली. पोरीचे दोनदा दिवस गेले, आणि आईला ते तिच्या सासूकडून कळलं होतं.

लग्नानंतर पुन्हा ओट्याखाली आलेला तवा दुसऱ्या दिवशी तिने बाहेर काढला. घासला, तापवला, जुन्या लुगड्यात गुंडाळला, पिशवीत घातला. वर डॉक्टरीणबाईचा कागद ठेवला. सासूने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. बसने ती मुलुंडला गेली.

श्वेताचं स्वयंपाकघर छान होतं, पांढऱ्या फरशीचं. वसुधाबाई बाहेर देवपूजा करत होत्या. जानकीने पिशवी ओट्यावर ठेवली, लुगडं सोडलं.

"हा घे. ह्याच्यावर फक्त तुझं करायचं. उद्या माझ्याबरोबर चल, टेस्ट करू. ते दिवस टिकत नाहीत ना, ते ह्याच्यामुळेही असू शकतं. येताना इस्पितळात विचारून आलेय मी."

श्वेताने तव्याकडे पाहिलं. हात लावला नाही. "केली मी टेस्ट, आई. दुकानाजवळच्या लॅबमध्ये. दोन महिने झाले."

"मग?"

"मग काय. तुझ्यासारखंच. पोटातली तपासणी राहिलीय, पण डॉक्टर म्हणाले तेच आहे."

"विशालला सांगितलंस?"

"काय सांगू?" श्वेताचा आवाज जराही चढला नाही. "सांगितलं की पहिला प्रश्न येणार, घरात कुणाला होतं का. मग मी सांगायचं, आईला होतं. मग विचारणार, तुम्हाला माहीत होतं? तर सांगू का, डॉक्टरने लिहून दिलेलं, आम्ही नंबर लावून बसलेलो, आणि स्थळ आलं म्हणून उठून आलो?"

जानकीने ओट्यावरचा डॉक्टरीणबाईचा कागद उचलून पुन्हा पिशवीत ठेवला.

"तुला आणि आजीला हे लोक उभं करणार नाहीत दारात. मला ठेवतील की नाही ते त्यांचं त्यांना माहीत." तिने लुगड्याची टोकं पुन्हा एकमेकांवर घेतली, गाठ मारली. "हा घेऊन जा. इथे ठेवायला जागा नाही."

जागा होती. तीन रिकामे खण जानकीला समोर दिसत होते.

वसुधाबाई आत आल्या. "पान वाढ गं श्वेता, आईला भूक लागली असेल." जानकीने गाठोडं पिशवीत घालून उचललं, तसा तिचा दंड धरून त्यांनी तिला टेबलाशी बसवलं. भाजी, आमटी, कोशिंबीर, आणि डब्यातून काढलेल्या गरम चपात्या, तूप लावलेल्या. "तिच्या हातच्या आहेत. अगदी तुमचा हात घेतलाय. आमच्याकडे आता बाहेरची बाई लागत नाही."

"मी भातच घेते," जानकी म्हणाली.

"का हो? पथ्य आहे का काही?"

साधा प्रश्न होता, मायेने विचारलेला. उत्तरही साधं होतं, एका शब्दाचं. तो शब्द जानकीच्या ओठांपर्यंत आला. श्वेता समोर बसली होती. तिने मान वर केली आणि आईकडे पाहिलं. इस्पितळाच्या बाकावर, काय झालं म्हणून विचारताना, ती अशीच बघत होती.

"नाही हो," जानकी म्हणाली. "पथ्य कसलं."

श्वेताने चपातीचा तुकडा मोडला आणि आमटीत बुडवला. मग जानकीने मोडला. वसुधाबाईंनी दोघींना आग्रह करून आणखी एकेक वाढली, आणि ती दोघींनी संपवली. तवा टेबलाखाली, जानकीच्या पायाशी, पिशवीत होता.