मशीन म्हणतंय

आमच्या अंधेरीच्या शाळेत कम्प्युटर आला तेव्हा त्याच्यासाठी एकाच खोलीत एसी बसला आणि खोलीची किल्ली गणिताच्या सरांकडे गेली. तेव्हापासून सरांच्या बोलण्यातला 'मी' गायब झाला. दाराबाहेर चपला काढून ते आत जायचे, बाळाचं दुपटं सोडवावं तसं मशीनचं कव्हर काढायचे आणि दहावीच्या मुलांची कल चाचणी घेऊन कोणी पुढे काय शिकायचं ते छापून द्यायचे. कोणी काही विचारलं की मान तिरकी करून म्हणायचे, "मी नाही हो, मशीन म्हणतंय."

वर्सोव्याची एक कोळीण मासळीची टोपली गेटवर ठेवून आली. तिच्या हुशार मुलीच्या कागदावर 'शिवणकाम' आलं होतं.

"सर, पोरीला सायन्सला जायचंय. परत एकदा बघा ना."

"बाई, मशीनचं काय तुमच्याशी वैर आहे? एकदा आलं ते आलं."

पुढच्या आठवड्यात सरांची स्वतःची मुलगी चाचणीला बसली. मी मराठीचे पेपर तपासायला तिथेच गारव्याला बसलो होतो. कागद बाहेर आला. सरांनी तो वाचला आणि चुरगळून खिशात कोंबला. मशीन बंद केलं, चहा मागवला, मग पुन्हा चालू करून मुलीला परत बसवलं. दुसरा कागद मात्र स्टाफरूमभर फिरवला. त्यावर 'सायन्स' होतं.

"आणि पहिला कागद?" मी विचारलं.

"अहो, मशीन गरम झालं होतं."

त्या एसीच्या खोलीत, बाकीच्या पोरांच्या वेळी, ते कधीच गरम झालं नाही.